भदभद्याची दारं आणि अप्पांची सुट्टी

आमच्या शहापूर तालुक्यात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो कुठल्या तरी धरणात जाऊन पडतो. त्यामुळे "तलाव बघायला भोपाळला चाललोय" असं मी सांगितलं तेव्हा माझा नवरा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "पाणी बघायला आठशे किलोमीटर? तुझ्या माहेरी मागल्या दारी काय हाय मग?" प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र लांबलचक आहे, म्हणून इथे लिहिते. शिवाय पावसाळ्यात तीन-चार दिवस भोपाळला जायचा कुणाचा विचार असेल तर माझ्या फजितीतून तुमचा फायदा होईल.

तर माझे वडील, म्हणजे अप्पा, आमच्याकडच्या एका धरणावर चौतीस वर्षं नोकरीला होते. पाण्याची पातळी वाचायची, दारं वर-खाली करायची, आणि दारं उघडायच्या आधी भोंगा देऊन खालच्या नदीतली माणसं-गुरं बाहेर काढायची, हे त्यांचं काम. धरण भरून दारं उघडली की अख्खा गाव बघायला लोटतो. पोरंटोरं, लेकीबाळी, कुणाकुणाकडचे मुंबईचे पाहुणे, कणसं भाजणारे. आईसुद्धा दर वर्षी आम्हा भावंडांना घेऊन जायची. आम्ही खाली नदीकाठी आणि अप्पा वर यंत्राच्या खोलीत. आई खालून हात हलवायची. वरून अप्पांना नुसत्या छत्र्या दिसायच्या, त्यातली आमची कुठली ते त्यांना कधीच कळलं नाही.

चार वर्षांपूर्वी अप्पा रिटायर झाले तेव्हा आईने एकच गोष्ट मागितली. दागिना नाही, साडी नाही. "एकदा दारं उघडताना तुमी माझ्या बाजूला उभं राहा," एवढंच. त्या वर्षी गेले दोघं, नवी छत्री घेऊन. पाच मिनिटं झाली नसतील, वरून हाक आली, "अप्पा, जरा वर या, तीन नंबर कुरकुर करतंय." अप्पा गेले ते दोन तासांनी खाली आले. पुढच्या वर्षी तेच, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. गेल्या वर्षी आईने छत्री घेतली आणि जागेवर ठेवून दिली. म्हणाली, "मला काय, टीव्हीवर पण दिसतं."

हे ऐकून मला रडू आलं आणि रागही आला. मला दोन्ही एकदमच येतात. मग एके दिवशी मोबाइलवर भोपाळच्या भदभदा धरणाचा व्हिडिओ दिसला. भोपाळचा मोठा तलाव भरला की शहराच्या टोकाला असलेली ही दारं उघडतात आणि लोक जत्रेसारखे बघायला जातात. मी आईला म्हटलं, तिथं तुझ्या नवऱ्याला ओळखणारं चिटपाखरूसुद्धा नसेल. आईने व्हिडिओ तीनदा बघितला आणि विचारलं, "तिकडं चपात्या मिळतात ना, का भातच?"

अप्पांना दोन अटी घातल्या. एक, धरणावर नोकरीला होतो हे कुणाला सांगायचं नाही. दोन, कुणी वर बोलावलं तरी जायचं नाही. अप्पा म्हणाले, "कोण बोलावतंय मला तिकडं?"

माझी एक खोड आहे. मी मुरबाडला औषधाच्या दुकानात कामाला आहे, सकाळी-दुपारी-रात्री असं पाकिटावर लिहून देण्याची सवय, त्यामुळे माझा प्रवासही तसाच असतो. कागदावर तासातासाचा बेत लिहिला. तीन दिवस, दोन मुक्काम. वेळ निवडली ती श्रावण संपता संपताची, कारण लावणी उरकलेली, बेणणी, म्हणजे भातातलं तण काढणं, होत आलेली आणि गणपतीला अजून बारा दिवस. माहेरच्या म्हशीचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता, तो माझ्या भावाने अंगावर घेतला. एकच गोष्ट कागदावर लिहिता येत नव्हती. तलाव पूर्ण भरला तरच दारं उघडतात. एखाद्या वर्षी उघडतच नाहीत.

मी टोकावड्याला दिलेली. एसटीने मुरबाडवरून कल्याण गाठलं. आई-अप्पा आसनगावहून आले. गाडी संध्याकाळची होती. कल्याणहून भोपाळला जाणाऱ्या गाड्या भरपूर आहेत, पण महिनाभर आधी तिकीट काढलेलं बरं. थर्ड एसीला माणशी अकरा-बाराशे पडतात, स्लीपरला त्याच्या निम्म्याहून कमी. आईच्या पिशवीत तांदळाच्या वीस भाकऱ्या, लाल मिरचीचा ठेचा, कारळ्याची चटणी आणि एक पोळपाट. पोळपाट कशाला, विचारलं तर म्हणाली, "असूदे." कसारा घाट चढेपर्यंत अप्पा खिडकीला नाक लावून होते. मग त्यांनी पांघरूण ओढलं आणि सकाळी इटारसी गेल्यावरच उठले.

पहिला दिवस

स्टेशनाबाहेर आम्हाला रईसभाई भेटले. पन्नाशीचे, दाढीला मेंदी, रिक्षा एकदम लख्ख. "को खाँ, काँ जाओगे?" असं त्यांनी अप्पांना विचारलं आणि अप्पा माझ्याकडे बघायला लागले. ही भोपाळची बोली, "काय राव, कुठं जाणार?" असा अर्थ, कानाला दोन तासांत सवय होते. मी तलावाजवळचं हॉटेल सांगितलं. वाटेतच दिवसभराचे नऊशे ठरवून टाकले. तुम्हीही तेच करा, दर वेळी रिक्षा शोधत बसण्यापेक्षा परवडतं. हॉटेलात तिघांची खोली अठराशेला मिळाली, खिडकीतून तलाव दिसतो असं लिहिलं होतं. दिसतो, खुर्चीवर उभं राहिलं तर.

नाश्ता पोहे-जिलबीचा. इथले पोहे आपल्यासारखे नाहीत, वाफवलेले, वरून शेव, कच्चा कांदा आणि जिरावण नावाचा एक आंबट-खारट मसाला. सोबत गरम जिलबी. पोहे आणि जिलबी एकाच घासात खायची पद्धत आहे. अप्पांना पटेना. "गोड शेवटी असतं," म्हणाले. आईने मात्र एकदा खाल्लं आणि दुसरी प्लेट मागवली. आईचा श्रावण होता म्हणून भोपाळची प्रसिद्ध बिर्याणी आमच्या नशिबी नव्हती. तुमचा श्रावण संपलेला असेल तर जुन्या शहरात जा आणि मला वासाचा फोटो पाठवा.

मग तलाव बघायला गेलो. आमच्याकडची धरणं डोंगरात असतात, कुंपणाच्या आत, गावापासून लांब. पाणी पाइपातून निघतं ते थेट मुंबईला, आणि मे महिन्यात आमच्याच काही पाड्यांवर टँकर येतो. इथे पाणी शहराच्या मांडीवर बसलंय. रस्त्याच्या कठड्यावरून हात खाली केला की तलाव. मध्येच पाण्यात उभा राजा भोजाचा पुतळा. म्हातारे चालताहेत, कॉलेजची पोरं गाणी लावून बसलीत, एक बाई माशांना कणकेच्या गोळ्या टाकतेय. आईने कठड्याला टेकून डोळ्यांवर आडवा हात धरला. मग तिने अप्पांना विचारलं, "ह्याला पल्याडचा काठ हाय का?"

"हाय. पण लांब."

"आणि हे पाणी कुठं जातं?"

रईसभाईंनी मान वळवली. "कहीं नहीं जाता अम्मा. हम ही पीते हैं." आईला ते फार आवडलं. दिवसभरात तिने ते मला चार वेळा सांगितलं.

कमला पार्क नावाची बाग आहे तिथे. लोक फुलांसोबत फोटो काढत होते. अप्पा एकदम थांबले, चपला काढल्या आणि पायाने जमीन दाबून बघायला लागले. म्हणाले, "ही बाग नाय. हे धरण हाय." रईसभाई म्हणाले, बरोबर, हाच तो भोजराजाचा मातीचा बांध, हजार वर्षांचा, त्याच्याच अंगावर बाग आणि रस्ता. अप्पांनी वाकून बांधाला हात लावला आणि तो हात छातीला लावला. मग मला म्हणाले, "मातीचा बांध, गो. गळत नाय." त्यांच्या आवाजात असा आदर मी फक्त देवळात ऐकलाय.

आता मुद्द्याची गोष्ट. जवळच काठावर एक जुना दगडी घाट आहे. अप्पा त्याच्या पायऱ्या उतरले, ओल्या दगडावरचा जुना डाग बघितला आणि पाण्याकडे बघितलं. तलाव पूर्ण भरला की पाणी त्या डागापर्यंत येतं. पाणी होतं त्याच्या दोन पायऱ्या खाली. कौलाचा तुकडा शोधून त्यांनी पाण्याच्या काठाला रेघ मारली. मी म्हटलं, अप्पा, वर्तमानपत्रात रोज पातळी छापून येते. ते म्हणाले, "छापणाऱ्याने बघितलं का स्वतः?" आईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. दोन पायऱ्या बाकी होत्या आणि आमच्याकडे तीन दिवस.

दुसरा दिवस

सकाळी सहाला अप्पा खोलीत नव्हते. घाटावर सापडले. पाणी रेघेच्या एक बोट खाली गेलं होतं. "ऊन पडलं काल," एवढंच म्हणाले. आई चहात बिस्कीट बुडवत राहिली. इथे मिठाचा चहा मिळतो, तो एकदा प्यावा. मी एकदा प्याले.

बेताप्रमाणे आधी बोट क्लब. पायडलची बोट, मोटारची बोट, सगळं आहे, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसवत नाहीत. आईने जॅकेट पदराच्या आत घालायचा प्रयत्न केला, जमेना, मग पदरावरूनच घातलं. बोट सुटली आणि आमची आई, जिने आयुष्यभर पाणी फक्त काठावरून बघितलं, ती खळखळून हसायला लागली. अप्पांनी बोटीच्या कडेला घट्ट धरलं होतं. पाण्यात अख्खी नोकरी गेलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी आदिवासी संग्रहालय. हे चुकवू नका. गोंड, भिल्ल लोकांची घरं, देव, अंगणं, सगळं इतकं देखणं मांडलंय की दोन तास कमी पडतात. एका घरात उखळ-मुसळ, सूप, भाताची कणगी. आई हात मागे बांधून सगळं बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपल्या पडवीत पण हेच हाय. आपण तिकीट लावत नाय एवढंच." तिकीट फार नाही, पण सुट्टीचा वार आधी विचारून जा.

चार वाजता आम्ही भदभद्याला गेलो. शहराच्या दक्षिणेच्या टोकाला, पुलावरून समोरच दारं दिसतात. अकरा. सगळी बंद, खाली कोरडे खडक, त्यावर दोन शेळ्या. अप्पांनी दारं मोजली, डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा. तिथे एक पहारेकरी होता, भला माणूस, त्याने आपणहून माहिती द्यायला सुरुवात केली. साइरन कधी होतो, दार किती उचलतात, पाणी कुठे जातं. अप्पा सगळं ऐकून घेत होते आणि त्यांचा जबडा हलत होता. मधेच पहारेकऱ्याने काहीतरी चुकीचं सांगितलं असणार, कारण अप्पांनी तोंड उघडलं. आईने त्यांचा सदरा मागून ओढला.

"आप क्या करते हो चाचा?" पहारेकऱ्याने विचारलं.

अप्पांनी सदरा नीट केला. "किसान," म्हणाले.

आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला पुलाचा कठडा धरावा लागला. मीही हसले, पण परतताना रिक्षात मला वाईट वाटत होतं. दारं बंद, आकाश निळं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी. रईसभाईंना आमची सगळी कथा एव्हाना आईने सांगून टाकली होती, कुठल्या भाषेत ते देवच जाणे. त्यांनी आरशातून अप्पांकडे बघितलं. "चाचा, भोपाल का आसमान मत देखो. सीहोर का देखो. पानी उधर से आता है."

"तेच," अप्पा म्हणाले. "पाऊस वर पडायला पायजे." दोघांचं एकदम जमलं. पुढचा अर्धा तास रईसभाई हिंदीत आणि अप्पा मराठीत तलावाला पाणी आणणाऱ्या कोलांस नदीबद्दल बोलत होते, जी आमच्यापैकी कुणीच बघितलेली नव्हती. जेवत असताना रईसभाईंचा फोन आला. सीहोरला तीन तास कोसळतोय.

तिसरा दिवस

सकाळी घाटावर आम्ही तिघंही गेलो. अप्पांची रेघ पाण्याखाली होती. एक पायरी बाकी.

बेतात सांची होतं, भोपाळपासून तासा-सव्वा तासावर. गेलो. स्तूप, तोरणं, त्यावरचे हत्ती आणि झाडं, सगळं शांत आणि ओलं आणि सुंदर. तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा आणि घाई करू नका. आम्ही घाई केली, कारण अप्पा दर दहा मिनिटांनी पश्चिमेकडे तोंड करून उभे राहत होते. तिकडे काळं होत होतं.

तीनला परत आलो तेव्हा पाणी डागाच्या वीतभर खाली होतं. अप्पा पायरीवर उकिडवे बसले. बोटांवर मोजत काहीतरी पुटपुटले. मग उठून म्हणाले, "उद्या. सकाळी नऊ ते अकराच्या मधी."

गाडी त्याच संध्याकाळची होती, सहाला. मी कागद काढला. माझा तासातासाचा कागद, त्यावर "६.०० गाडी" खाली दोन रेघा मारलेल्या. परवा सकाळी मला दुकानात हजर राहायचं होतं. मी म्हटलं, अप्पा, नक्की का? ते म्हणाले, "नक्की असं पाण्याचं काय नसतं." मी म्हटलं, मग कशाच्या जोरावर तिकीट रद्द करायचं? माझा आवाज चढला. माझा चढतोच. घाटावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

आईने कागद माझ्या हातातून घेतला. घडी केली, आणखी एक घडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचला. म्हणाली, "तू जा. तुझं काम हाय. आमी दोघं राहतो."

"तुम्हाला इथलं काय कळणार आहे?"

"नाय कळलं तर विचारू. तोंड हाय ना."

मी गेले नाही, हे वेगळं सांगायला नको. दुकानात फोन केला, मालक दोन मिनिटं ओरडले आणि मग म्हणाले, येताना भोपाळची सुपारी आण. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "मुलांनी आज तिसऱ्यांदा मॅगी खाल्ली, अजून एक दिवस खातील." तिकिटाचे थोडे पैसे कापून गेले. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळची स्लीपरची तीन तिकिटं मिळाली, तीही वेगवेगळ्या डब्यांत. म्हणून सांगते, पावसाळ्यात हीच दारं बघायला जाणार असाल तर एक दिवस हातचा ठेवा.

बेताबाहेरचा दिवस

पाऊस नव्हता, नुसता ओला वारा होता. साडेआठला भदभद्याच्या पुलाच्या अलीकडेच रिक्षा थांबली, पुढे गर्दी. फुगेवाले, चहावाले, कोळशावर भाजलेले भुट्टे. लिंबू-मीठ चोळलेला भुट्टा वीस रुपयांना. दारं उघडली की खायचे म्हणून आईने दोन घेतले, एक स्वतःला आणि एक अप्पांना, आणि दोन्ही स्वतःच धरून ठेवले. तिने इस्त्रीची साडी नेसली होती. अप्पांनी छत्री धरली होती, दोघांवर, पाऊस नसतानाही. कठड्याजवळ त्यांना जागा मिळाली. मी चार पावलं मागे मोबाइल तयार ठेवून उभी राहिले. आई मधूनच मान वर करून अप्पांकडे बघत होती, खरंच उभे आहेत ना, म्हणून. मला वाटलं, झालं, जमलं.

दहाला भोंगा झाला.

अप्पांच्या हातातून छत्री खाली पडली. पडली म्हणजे त्यांनी सोडली. आणि आमचे चौसष्ट वर्षांचे अप्पा गर्दीतून वाट काढत पुलाच्या टोकाकडे धावत सुटले. मी हाक मारली, ऐकूच गेली नाही. त्यांनी कठड्यावरून वाकून खालचे खडक या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितले, जसे चौतीस वर्षं बघत आले. खाली एक कुटुंब होतं. सात-आठ जण, दोन बायका, एक आजोबा, खडकावर फोटो काढत उभे. पोलीस शिट्टी मारत होता आणि ते "बस एक और" म्हणून बोट दाखवत होते. अप्पा उताराने खाली गेले. तिथून त्यांचा आवाज आला, जो मी लहानपणापासून ओळखते, बेंबीच्या देठापासूनचा. "ए, बाहेर! बाहेर निघा आधी! फोटो नंतर!" मराठीत. पण त्या आवाजाला भाषा लागत नाही. ते कुटुंब फोटो सोडून काठाला आलं.

मग अप्पा काठावरच्या गर्दीकडे वळले. लोक पुढे पुढे सरकत होते. अप्पा पाण्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. "मागे व्हा. पीछे, पीछे." परवाचा पहारेकरी त्यांच्या शेजारी येऊन तेच करू लागला आणि चक्क त्यांना "साहब" म्हणायला लागला.

मी आईकडे बघितलं. ती कठड्याजवळ एकटी उभी होती, दोन्ही हातांत दोन भुट्टे. आठशे किलोमीटर आलो, तिकिटं घालवली, आणि ही बाई पुन्हा एकटीच. मला अप्पांचा असा राग आला की खाली जाऊन सगळ्यांसमोर भांडावं. आईने भुट्टे माझ्या हातात दिले. पदर कमरेला खोचला आणि गर्दीतून खाली उतरली.

मला वाटलं, आता यांना हाताला धरून आणणार. तिने तसं काही केलं नाही. ती जाऊन अप्पांच्या शेजारी उभी राहिली, पाण्याकडे पाठ करून, आणि तिनेही हात पसरले. "सरका रे, मागं सरका. म्हातारा उगाच नाय सांगत." लोक हसले आणि सरकले.

त्यांच्या पाठीमागे पहिलं दार वर गेलं. मी बघितलं. आधी खालून पांढरी पट्टी, मग ती जाड होत गेली आणि खडकांवर आपटून धूर झाल्यासारखं पाणी उडालं. सगळा पूल ओरडला. आमच्या घरातल्या दोघांनी ते बघितलं नाही. ते गर्दी बघत होते.

गर्दी जागच्या जागी थांबली. पोलिसांनी दोरी बांधली. पहारेकऱ्याने अप्पांना त्यांचं खातं विचारलं, "चाचा, सच बताओ, किस महकमे से हो?" अप्पांनी आईकडे बघितलं. "किसान," म्हणाले. तेवढ्यात पुन्हा भोंगा झाला, दुसऱ्या दाराचा. अप्पांचे हात पुन्हा वर जायला लागले. आईने त्यातला एक धरला.

"झालं तुमचं," ती म्हणाली. "आता वळा."

ते वळले. दुसरं दार त्यांच्यासमोर उघडलं. तुषार त्यांच्या तोंडावर येत होते, अप्पांचा चष्मा पार भिजला आणि त्यांनी तो पुसला नाही. आईने त्यांचा हात सोडला नव्हता. मी वरून बघत होते. खाली दीड-दोनशे माणसं असतील, पण मला माझी दोन लगेच सापडली. मी दोन्ही भुट्टे खाल्ले आणि तिथेच उभी राहून रडले. मोबाइलमध्ये काही आलं नाही, कारण तो चालू करायचाच राहिला होता.

घरी

परत आल्यावर मी एक दिवस माहेरीच थांबले. भावाने म्हैस जिवंत आणि जरा जाडच परत दिली. शेजारच्या काकू काय काय बघितलं विचारायला आल्या तेव्हा आईने बोट, पोहे, जिलबी, तिकीट लावलेली कणगी आणि शहर स्वतःच पितं ते पाणी, सगळं सांगितलं. पोळपाट वापरला का, असं मी विचारलं तर म्हणाली, "त्यावर बसले ना गाडीत, तुझ्या त्या स्लीपरच्या डब्यात." मला भोपाळबद्दल विचाराल तर शहर आवडलं, माणसं त्याहून आवडली. हातचा दिवस ठेवा, तलावाकाठी संध्याकाळ मोकळी ठेवा आणि कागद घरी ठेवून जा.

संध्याकाळी पडवीत चहा चालला होता. काकू गेल्या होत्या. अप्पा कपात बघत होते.

"खाली एवढं हादरतं काय गो?" त्यांनी आईला विचारलं. "पायातून वर येतं. वर आमाला फक्त मोटारीचा आवाज. मला वाटायचं खाली तुमाला मजा येते."

"मजा येणाऱ्यांना येत असंल," आई म्हणाली. "तुमी त्याच्या वर उभे असायचात. मी पाणी कुठं बघत होते? दारं बंद होऊन तुमी जिन्यातून उतरताना दिसेपर्यंत मी भीत भीत वरच बघत असायचे."

अप्पांनी कप खाली ठेवला.

"चौतीस वर्षं," अप्पा म्हणाले. "आधी सांगायचंस की मग."

"सांगितलं असतं तर गेला नसता का ड्युटीला?"

अप्पांनी खरंच विचार केला. "गेलो असतो," म्हणाले.

"मग," आई म्हणाली आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.